बिनतेलाचा बुश थ्रीडी प्रिंटरवर: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

हा लेख कोणासाठी? तुमच्याकडे फिलामेंट वितळवून थरावर थर रचणारा साधा थ्रीडी प्रिंटर आहे, निदान ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तो वापरायला मिळतो, आणि फिरत्या किंवा सरकत्या शाफ्टसाठी तेल-ग्रीस न लागणारा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो किंवा सरकतो ती नळी, करून पाहायचा आहे, तर तुमच्यासाठी. पुढची सगळी मापं ८ मिमी शाफ्टची धरली आहेत. या मापाचे हार्ड क्रोम (क्रोमचा कडक मुलामा दिलेले) रॉड सहज मिळतात, आणि बुश लहान असल्यामुळे चुकला तरी फार फिलामेंट वाया जात नाही.

गनमेटलचा (तांबे-कथील मिश्रधातूचा) बुश आणि तेलाची कुपी असताना हा उद्योग कशाला, असं कोणी अनुभवी फिटर विचारेल. प्रश्न रास्त आहे. चांगलं तेल मिळत असेल आणि ते वेळेवर घालणारा माणूस असेल, तर गनमेटलला तोड नाही. पण काही जागी तेलच चालत नाही. मागावर कापडाला तेलाचा डाग लागला की त्याची किंमत पडते. खाद्यपदार्थांच्या पॅकिंगमध्ये तेलाचा थेंब नको असतो. पिठाच्या, सिमेंटच्या किंवा लाकडाच्या धुळीत ग्रीस लावलं, तर ते धूळ धरून ठेवतं आणि शाफ्ट खाणारी पेस्ट तयार होते. काही बुश तर अशा कोपऱ्यात असतात की तिथे कुपी पोचतच नाही. स्वयंवंगणी बुशाची जागा ही आहे.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घ्या. वंगण फिलामेंटच्या रिळात असलं तरी ते कामाला लागतं बुश आणि शाफ्ट यांच्या मधल्या फटीत. महाग फिलामेंट आणून खराब रॉडवर चढवलं, किंवा फट चुकवली, तर साध्या नायलॉनपेक्षा वेगळं काही हाती लागणार नाही. म्हणून या लेखात फिलामेंटपेक्षा भोकाबद्दल आणि रॉडबद्दल जास्त लिहिलं आहे.

वंगण येतं कुठून

जुना मार्ग छिद्रांचा. १९३० च्या सुमारास अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने ‘ऑइलाइट’ या नावाने असे बुश आणले. ब्राँझची पूड दाबून भट्टीत भाजायची, तिच्यात राहिलेल्या बारीक छिद्रांत तेल भरायचं. बुशाच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा तेल असतं. शाफ्ट फिरून बुश तापला की तेल बाहेर येतं, थंड झाला की केशाकर्षणाने परत आत ओढलं जातं. पंख्याच्या किंवा मिक्सरच्या मोटरमध्ये हेच बुश पाहिले असतील.

दुसरा मार्ग घन वंगणाचा. ग्रॅफाइट, मॉलिब्डेनम डायसल्फाइड म्हणजे वर्कशॉपमधलं ‘मॉली’, आणि पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन. पहिल्या दोघांची रचना पापुद्र्यांची असते. पापुद्रे एकमेकांना ढिले धरून असतात, म्हणून जोर आला की सरकतात. पीटीएफई हे १९३८ साली ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलेलं प्लॅस्टिक. त्याचे लांब, गुळगुळीत रेणू घर्षणाखाली सहज ओढले जातात आणि शाफ्टवर पातळ थर देतात. यांची बारीक पूड नायलॉनसारख्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली की बुश झिजताना पूड थोडी थोडी मोकळी होते आणि शाफ्टला चोपडली जाते. या थराला हस्तांतरित थर म्हणतात. एकदा तो बसला की प्लॅस्टिक आणि स्टील यांचा थेट संबंध कमी होतो, थरावर थर सरकतो. पुढे जे काही करायचं ते हा थर नीट बसावा आणि टिकावा यासाठी.

हवामानाचा मुद्दा इथे येतो. ग्रॅफाइटला नीट सरकायला हवेतला ओलावा लागतो. पूर्ण कोरड्या हवेत किंवा निर्वातात ते स्वतःच झिजू लागतं. मॉलीचं उलट: कोरड्यात आणि निर्वातात उत्तम, म्हणून अंतराळयानांच्या यंत्रणांमध्ये त्याला मान. आपल्या दमट हवेतल्या साध्या कामासाठी पीटीएफई किंवा ग्रॅफाइटचं मिश्रण असलेलं फिलामेंट घ्यावं, असं माझं मत आहे.

पायरी १: आधी हिशेब, मग प्रिंट

प्लॅस्टिकचा बुश बहुतेक वेळा भाराने तुटत नाही, उष्णतेने मरतो. नायलॉनची उष्णतावाहकता स्टीलच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी असते. घर्षणाची उष्णता बुशातून बाहेर पडत नाही, जायची ती शाफ्टमधूनच जाते. म्हणून दाब आणि वेग यांचा गुणाकार पाहायचा. कारखान्यात याला ‘पी-व्ही’ म्हणतात.

दाब म्हणजे भार भागिले (शाफ्टचा व्यास गुणिले बुशाची लांबी). समजा पॅकिंगच्या टेबलावरचा एक रोलर आहे, एका बुशावर ४ किलोचा म्हणजे सुमारे ४० न्यूटन भार येतो, बुशाची लांबी १० मिमी. ४० भागिले ८० म्हणजे ०.५ मेगापास्कल. रोलर मिनिटाला १२० फेरे घेतो, तर शाफ्टच्या पृष्ठभागाचा वेग होतो सेकंदाला ०.०५ मीटर. गुणाकार ०.०२५. आरामात चालेल.

हाच बुश मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरवर लावला तर वेग ०.६ मीटर होतो आणि गुणाकार ०.३. घर्षणांक (घर्षणाचा जोर भागिले भार) ०.२ धरला तर पहिल्या ठिकाणी बुशात ०.४ वॉट उष्णता तयार होत होती, इथे जवळजवळ ५ वॉट. अंगठ्याच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात ५ वॉट सतत कोंडले की तो मऊ पडणारच. घरी प्रिंट केलेल्या बुशासाठी गुणाकार ०.०५ च्या आत ठेवावा, ही माझी मर्यादा. कंपन्यांच्या तक्त्यांत यापेक्षा मोठे आकडे दिसतील. ते साच्यात ओतलेल्या, भरीव, नीट मोजलेल्या बुशांचे असतात.

पायरी २: फिलामेंट निवडा

पीएलए, म्हणजे सगळ्यात नेहमीचं फिलामेंट, सोडून द्या. ते ६० °से. च्या आसपास मऊ पडतं आणि सतत भाराखाली हळूहळू बसतं. पीईटीजी हे दुसरं नेहमीचं फिलामेंट थोडं बरं, तरी बुशासाठी नाही. साधं नायलॉन मात्र मुळातच चिवट आणि झिजेला चांगलं. पहिला सराव त्याच्यावर करायला हरकत नाही.

खास घर्षणासाठी बनवलेली फिलामेंट वेगळी मिळतात. जर्मनीतल्या कोलोनची इगस कंपनी प्लॅस्टिकचे बुश बनवणारी जुनी कंपनी. तिने २०१४ मध्ये अशी फिलामेंट बाजारात आणली. ‘इग्लिड्युअर आय-१५०’ हे त्यातलं नवशिक्याला सोपं जाणारं. नेहमीच्या प्रिंट सामग्रीपेक्षा आपली सामग्री ५० पटींपर्यंत कमी झिजते, असं कंपनी म्हणते. तेवढा फरक तुम्हाला दिसेलच असं नाही, पण पीएलएच्या तुलनेत फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो.

पीओएम म्हणजे डेलरिन हे टणक प्लॅस्टिक लेथवर काढलेल्या बुशासाठी फार छान. प्रिंटसाठी नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये: ते बेडला धरत नाही, कडा उचलतं, आणि जास्त तापलं की फॉर्मल्डिहाइड सोडतं. काचतंतू किंवा कार्बनतंतू घातलेलं नायलॉनही टाळा. ते ताठ असतं खरं, पण तंतू मऊ रॉडला ओरखडतात आणि पितळी नोझल खातात.

सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी. पीटीएफई असलेलं फिलामेंट सांगितलेल्या तापमानाच्या वर नेऊ नका आणि खोली हवेशीर ठेवा. पीटीएफई फार तापलं तर त्याच्या धुराने तापासारखा आजार होतो. आणि घासून निघालेली पूड हाताला असताना विडी-सिगारेटला हात लावू नका. त्या जळत्या टोकाशी पुडीचा तोच धूर होतो, आणि तो थेट छातीत जातो. हात धुवा, मग बाकीचं.

पायरी ३: वाळवा

नायलॉन पाणी पितं. नायलॉन ६ पूर्ण भिजलं तर स्वतःच्या वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं. नायलॉन १२ खूप कमी. ओलं फिलामेंट नोझलमध्ये गेलं की वाफ होते, तडतड आवाज येतो, भिंतीत फुगे राहतात, भोकाची आतली बाजू खरखरीत होते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडं रीळ एका रात्रीत बिघडू शकतं.

७० ते ८० °से. ला ८ ते १२ तास वाळवा आणि शक्य असेल तर वाळवणी यंत्रातूनच थेट प्रिंटरला द्या. उरलेलं रीळ सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात. ही पायरी गाळून पुढे गेलात, तर प्रिंट बिघडल्यावर दोष सेटिंगचा की ओलाव्याचा, हे कळणार नाही.

पायरी ४: भोकाचं चित्र

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

प्रिंटरवर गोल भोक नेहमी ठरवल्यापेक्षा लहान येतं. वितळलेली तार वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते, प्लॅस्टिक थंड होताना आक्रसतं, आणि संगणक वर्तुळाचे सरळ तुकडे पाडतो. तुकड्यांचा दोष कमी करायला फाइल बारीक रिझोल्यूशनमध्ये काढा. बाकीच्या दोन दोषांसाठी चाचणी हवी. त्याच फिलामेंटच्या, ५ मिमी उंचीच्या चार कड्या प्रिंट करा, भोकं ८.१, ८.२, ८.३ आणि ८.४ मिमी. मोजताना व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांवर विसंबू नका. लहान भोकात ते सपाट जबडे कमी माप दाखवतात. पिन गेज, म्हणजे नेमक्या मापाच्या पिना, असतील तर उत्तम, नाहीतर ड्रिलच्या बिटांचे मायक्रोमीटरने मोजलेले दांडे घालून पाहा. समजा तुमचा प्रिंटर भोक ०.२ मिमीने लहान करतो.

आता फट. गनमेटलच्या बुशाला या मापात दोन-चार शतांश मिलिमीटर फट पुरते, आणि फिटरचा हात त्याच सवयीचा असतो. प्लॅस्टिकला ती सवय घातक. प्लॅस्टिक उष्णतेने स्टीलच्या कित्येक पट फुगतं, ओलाव्यानेही फुगतं, आणि बाहेरून घरात, म्हणजे बुश बसवायच्या भोकात, आवळलेलं असल्यामुळे ते आतल्या भोकाकडे फुगतं. म्हणून बसवल्यानंतर ०.१० ते ०.१५ मिमी फट राहिली पाहिजे.

‘बसवल्यानंतर’ हा शब्द महत्त्वाचा. बुश घरात दाबून बसवला की जितका आवळला जातो, जवळजवळ तितकंच त्याचं भोक लहान होतं. बाहेरचा व्यास घरापेक्षा ०.०८ मिमी मोठा ठेवला असेल, तर भोकातून ०.०८ गेले असं धरा. म्हणजे हिशेब असा: शाफ्ट ८.००, फट ०.१२, दाबामुळे जाणारे ०.०८, प्रिंटरमुळे जाणारे ०.२०. चित्रात भोक ८.४० मिमीचं काढायचं.

भिंत २ ते ३ मिमी पुरे. जाड भिंत उष्णता कोंडते. लांबी व्यासाच्या सव्वा ते दीडपट. भोकाच्या दोन्ही तोंडांना ०.५ मिमीचा चाम्फर, म्हणजे तिरकी कड, द्या, म्हणजे पहिला थर बेडवर दबून आत आला तरी रॉडला अडणार नाही. आणि भोकाच्या आत एक उभी खाच ठेवा, १ मिमी रुंद आणि अर्धा मिमी खोल. तिचे दोन उपयोग आहेत: झिजलेली पूड आणि बाहेरची धूळ तिच्यात साठते, आणि थराचा जोड म्हणजे सीम तिथे लपवता येतो. खाच भार येतो त्या बाजूला नको, विरुद्ध बाजूला ठेवा.

पायरी ५: प्रिंट

बुश उभा प्रिंट करा, भोक आकाशाकडे. आडवा ठेवला तर भोक गोल येत नाही, आत पायऱ्या पडतात आणि वरच्या बाजूला तारा लोंबतात. उभ्या बुशात थरांच्या रेषा कड्यांसारख्या भोकाभोवती फिरतात, म्हणजे फिरणारा शाफ्ट त्या रेषांच्या दिशेनेच घासतो.

थर ०.१ ते ०.१५ मिमी, वेग सेकंदाला ३० ते ४० मिमी, आणि पूर्ण भिंत भरीव, सगळ्या तारा वर्तुळाकार. आत जाळी सोडलीत तर भाराखाली भिंत दबते आणि फट बदलते. स्लायसरमध्ये (चित्राचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सीमची जागा खाचेत पक्की करा. भोकात इकडे-तिकडे विखुरलेला सीम म्हणजे शाफ्टला टोचणारे पुटकुळे. नायलॉनला नोझल बहुधा २४० ते २६० °से. लागतं, बेड ७० ते ९०. रिळाच्या डब्यावरचं तापमान आधी वाचा. तुमच्या प्रिंटरमध्ये पांढरी पीटीएफईची नळी थेट नोझलपर्यंत जात असेल, तर २४० च्या वर जाऊ नका; जायचंच असेल तर पूर्ण धातूचं हॉटएंड (फिलामेंट वितळवणारा भाग) बसवा. बेडवर ग्लू स्टिक आणि बुशाला ब्रिम, म्हणजे तळाभोवती पातळ कडा.

नायलॉनचा बुश प्रिंट झाल्या झाल्या बसवू नका. दोन-तीन दिवस खोलीच्या हवेत ठेवा, ओलावा शोषून माप स्थिर होऊ द्या, मग मोजा.

पायरी ६: रॉड

बुशाइतकंच लक्ष रॉडला हवं. गंजलेली सळई, बाजारातली काळी एमएस (माइल्ड स्टील) बार, आटे असलेला रॉड, यातलं काहीच नको. हार्ड क्रोम किंवा कडक केलेला, ग्राइंड केलेला रॉड घ्या, खडबडीतपणा ०.१ ते ०.४ मायक्रोमीटर. आरशासारखा घासलेला रॉड सर्वोत्तम असेल असं वाटतं, पण तसं नाही. फार गुळगुळीत पृष्ठभागावर वंगणाच्या थराला धरायला जागा मिळत नाही, रॉड चिकटत-सुटत सरकतो आणि कुरकुरतो. फार खरखरीत रॉड कानशीसारखा बुश कातरतो.

बसवण्याआधी रॉड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बुश व्हाइसच्या दोन सपाट जबड्यांत धरून सरळ दाबा, हातोडी नको. मग रॉड घाला. स्वतःच्या वजनाने सरकला आणि हाताला किंचित प्ले (ढिलेपणा) जाणवला, तर ठीक.

पायरी ७: रुळू द्या

पहिले काही तास कमी भार आणि कमी वेग. थोडी बारीक पूड बाहेर येईल, ती थरांचे उंचवटे झिजल्याची. रॉडवर पुसट, निस्तेज पट्टा दिसू लागेल. हाच हस्तांतरित थर. तो पुसू नका आणि ‘जरा बरं चालेल’ म्हणून ग्रीस लावू नका. ग्रीसमुळे थर रॉडला धरत नाही, आणि धूळ येते ती वेगळी.

घर्षण मोजायचं असेल तर साधी युक्ती आहे. रॉडवर बुश सैल ठेवा आणि रॉडचं एक टोक हळूहळू उचला. बुश ज्या क्षणी सरकू लागेल तिथे थांबा. उचललेली उंची भागिले आडवं अंतर, म्हणजे स्थिर घर्षणांक. २०० मिमी अंतरावर ४० मिमी उचलावं लागलं तर ०.२. पीएलएची कडी, साध्या नायलॉनची कडी आणि घर्षण-फिलामेंटची कडी, तिन्ही एकाच रॉडवर, रुळण्याआधी आणि नंतर मोजा.

झीज वेगळी गोष्ट आहे. घर्षण कमी असलेला बुश कमी झिजेलच असं नाही. निव्वळ पीटीएफई फार निसरडं असतं, पण भराभर झिजतं, म्हणून ते नायलॉनमध्ये मिसळून वापरतात. झिजेचा जुना नियम आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडला: झिजलेलं आकारमान भाराच्या आणि सरकलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतं. म्हणून दर आठवड्याला भार येतो त्या बाजूची भिंत मोजा आणि किती तास चालला ते लिहा. रुळल्यानंतर आकडे सरळ रेषेत वाढत असतील तर बुश कधी बदलायचा हे आधीच सांगता येतं. रेष अचानक उभी चढली तर उष्णता वाढते आहे किंवा धूळ शिरली आहे.

सरकत्या कामासाठी वेगळं काय

प्रिंटरच्या स्वतःच्या रॉडवर बसणारा एलएम८यूयू हा बॉल बेअरिंगचा आकार आहे: आत ८, बाहेर १५, लांबी २४ मिमी. त्याच मापाचा बुश प्रिंट करून लावता येतो आणि खडखडाट बराच कमी होतो. इथे रॉड थरांच्या रेषांना आडवा सरकतो, म्हणून रुळायला जास्त वेळ लागतो. भोकात एकाऐवजी सहा उभ्या खाचा द्या. रॉड मधल्या पट्ट्यांवरच टेकतो आणि धूळ खाचांतून बाहेर जाते.

अडकण्याचा धोका इथे खरा आहे. ढकलण्याचा जोर रॉडपासून जितका दूर लागतो, तितका कॅरेज (रॉडवर सरकणारा भाग) तिरका होऊन जॅम होतो. घर्षणांक ०.२५ धरला तर गणित सांगतं की जोराचं रॉडपासूनचं अंतर दोन बुशांमधल्या अंतराच्या दुपटीपेक्षा कमीच हवं. बुश ४० मिमी अंतरावर असतील, तर बेल्ट रॉडपासून ८० मिमीच्या आत. प्रत्यक्षात मी निम्म्यावर थांबायला सांगेन, कारण धूळ बसल्यावर घर्षण वाढतं.

धातूत करायचं असेल तर

हे घरचं काम नाही, पण पुण्यात किंवा बंगळुरूत लेझरने धातूची पूड वितळवून प्रिंट देणारे व्यावसायिक आहेत, आणि विचारण्याआधी थोडं माहीत असलेलं बरं. पोलादाच्या पुडीत ग्रॅफाइट मिसळून वंगण मिळेल असं वाटतं; पण वितळलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो आणि कडक कार्बाइड होतं. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ब्राँझमध्ये ग्रॅफाइट ग्रॅफाइट म्हणूनच राहण्याची शक्यता जास्त. मॉली लेझरच्या तापमानाला टिकणं कठीण, ते फुटतं.

त्यापेक्षा प्रिंटची खरी ताकद छिद्रांत आहे. लेझरच्या रेषांमधलं अंतर वाढवून किंवा शक्ती कमी करून बुशाचा हवा तेवढाच भाग सच्छिद्र ठेवता येतो: बाहेरचा कवच भरीव, आतली भिंत तेल धरणारी, मधे तेलाची कोठी. दाबून भाजलेल्या बुशात असा भेद करणं फार अवघड. नंतर निर्वातात तेल भरायचं.

ऑर्डर देताना भोकाचं माप कमी ठेवून ते नंतर लेथवर काढायला सांगा, कारण लेझर प्रिंटचा कच्चा पृष्ठभाग बुशासाठी फार खरखरीत असतो. टर्नरला धारदार टूल वापरायला सांगा. बोथट टूल ब्राँझ सारवून छिद्रांची तोंडं बंद करतं. भोक चकचकीत दिसतं, पण तेल बाहेर येत नाही. तपासायला सोपं आहे: तेल भरलेला बुश हाताला गरम लागेल इतका तापवा आणि आतल्या भिंतीवर बारीक थेंब सगळीकडे उमटतात का ते पाहा.